एकोणीस वेळा मीठ कमी

१

वही गेली होती आणि दोरा जागेवर होता.

काउंटरच्या डाव्या टोकाला, सॉसच्या पुड्यांच्या डब्याशेजारी, गिऱ्हाइकांनी अभिप्राय लिहायची वही सुती दोऱ्यानं बांधलेली असते. कंपनीच्या सगळ्या बर्गरच्या दुकानांत ती असते. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता मी या दुकानात पोचलो तेव्हा दोरा होता आणि दोऱ्याला पेनही लोंबत होतं. वही मात्र आदल्या दिवशी दुपारपासून कुणी पाहिली नव्हती.

मी मुख्य कचेरीत तक्रार विभागात बसतो. बावीस वर्षं लोकांची गाऱ्हाणी वाचतोय. बन शिळा, बटाटा गार, टेबल चिकट. दुकानांतली पोरं मला पाठीमागे तक्रारमामा म्हणतात, पण इतक्या मोठ्यानं की तोंडावर म्हटल्यासारखंच. माझं पित्त खवळलेलं असतं आणि चष्मा सारखा नाकावरून घसरतो, त्यामुळे मी मुळातच प्रेमळ दिसत नाही.

आमची पद्धत अशी. दर आठवड्याला दुकानाचा मॅनेजर वहीतल्या तक्रारींचे फोटो पाठवतो आणि मी त्या तक्त्यात टाइप करतो. वही भरली की ती आमच्याकडे येते, मी पानं मोजतो, सही करतो आणि वही कागद चिरायच्या यंत्रात जाते. या दुकानातली वही गुरुवारी शेवटच्या पानाला आली होती. ती न्यायलाच मी आलो होतो.

दुसरंही एक काम होतं, आणि ते वाईट होतं. ग्रिलवर काम करणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. दुपारच्या शिफ्टची जबाबदारी त्यांच्यावर होती, नोकरी चौदा वर्षांची, मागे अंथरुणाला खिळलेली आई. तीन महिन्यांत त्यांच्या शिफ्टमध्ये एकाच प्रकारच्या एकोणीस तक्रारी आल्या होत्या. मीठ कमी. चव नाही. पंधरा झाल्या की तक्ता लाल होतो. तो लाल मीच केला होता. कामावरून काढल्याचं पत्र तयार होतं, फक्त त्याआधी मूळ वही डोळ्यांखालून घालावी लागते. पाच वाजेपर्यंत मी कचेरीत फोन करायचा होता.

मॅनेजर तिशीचा होता आणि त्याला कशाचीच शंका नव्हती. "चौदा वर्षं कंपनीचं मीठ खाल्लं आणि शेवटी चोरी केली," तो म्हणाला. "वही नसली की पुरावा नाही, असा हिशेब असणार. आता तक्रारींऐवजी चोरीसाठी जातील, एवढंच."

म्हणजे बाई आगीतून फुफाट्यात पडल्या होत्या. मी त्यांना मागच्या खोलीत बोलावलं. उंच, हडकुळ्या, दोन्ही मनगटांवर तेलाचे जुने चटके. वही कुठे आहे, असं मी सरळ विचारलं. त्यांनी आधी हातमोजे काढून एकावर एक ठेवले.

"मी घेतली नाही असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "घेतली असंही म्हणणार नाही. तुम्हाला काय लिहायचं ते लिहा."

मग त्यांनी मिठाची गुळणी धरली ती धरलीच.

२

बोलायला लावायचं असेल तर काउंटरवाल्या मुलीला नुसतं "काय म्हणतेस" विचारावं, पुढे आपल्याला काही करावं लागत नाही. हसरी, फुगऱ्या गालांची पोरगी. तिनं मला अर्ध्या तासात दुकानाची सगळी कुंडली मांडून दिली. त्यातलं कामाचं एवढंच होतं की एकोणीसच्या एकोणीस तक्रारी एकाच गिऱ्हाइकानं लिहिल्या होत्या.

"एकाच?" मी म्हणालो.

लोकरीची टोपी घालणारी एक मुलगी होती, पंचविशीतली. बरोबर तिचे वडील असत. ती नेहमी खिडकीजवळच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसायची, एक साधा बर्गर मागवायची, दोन घास खायची आणि उठून वहीत लिहायची, मीठ कमी. इथल्या सगळ्यांनी तिचं नावच मीठकमी ठेवलं होतं. ती दारात दिसली की कुणीतरी आत ओरडायचं, ताई, मीठकमी आली. ताईंनी मात्र त्या नावाला कधी हसून दिलं नाही. शेवटी शेवटी तर तिचा बर्गर त्या दुसऱ्या कुणाला करू द्यायच्या नाहीत.

"आणि बाकीच्या गिऱ्हाइकांचं काय? त्यांना मीठ कमी लागायचं?"

कुणाला नाही, असं ती म्हणाली. उलट एकदा गंमत झाली होती. बाराव्या का तेराव्या खेपेला दोन ट्रेंची अदलाबदल झाली, आणि मीठकमीचा बर्गर एका काकांकडे गेला. त्यांनी पहिल्याच घासाला तोंड धरलं. समुद्र खायला घालताय का, म्हणून आदळआपट केली. त्यांना दुसरा करून द्यावा लागला.

"आणि मीठकमीनं?"

"तिनं काकांचा साधा बर्गर दोन घास खाल्ला आणि लिहिलं, मीठ कमी. नेहमीसारखं."

मी तिला तो दिवस आठवायला सांगितलं आणि तारीख टिपून घेतली. मॅनेजर मध्येच डोकावून म्हणाला की ही कटकटी मुलगी आता तीन आठवडे फिरकलेली नाही, हे बरंच झालं. कुठे गेली, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि त्यानं विचारलंही नव्हतं.

टेबलं पुसणाऱ्या मावशी माणसं ट्रेवरून ओळखत. कोण पोरांना हावरटासारखं भरवतं, कोण भांडून उठलंय, सगळं त्यांना उरलेल्या अन्नात दिसायचं. मीठकमीचा ट्रे त्यांना पाठ होता. दोन घास तोडलेला बर्गर आणि शेजारी वेष्टनाच्या कागदाची घडी घालून केलेला लहानसा चौकोन. अन्न टाकणाऱ्यांचा त्यांना राग, पण हिचा यायचा नाही, कारण कागदाची इतकी नीट घडी कुणी घालत नाही.

"एकदाच तिनं सगळं संपवलं," मावशी म्हणाल्या. "शेवटी आली त्या दिवशी. इतका स्वच्छ ट्रे, की फडकं लावायलाच नको. खरकटं नाही, कागदाचा चौकोन नाही. मी तसाच आत नेऊन ताईला दाखवला. एवढी मोठी बाई, भिंतीकडं तोंड करून रडली बघा."

बर्गर संपला म्हणून कुणी रडतं का? मी माझ्या डायरीत टिपलं आणि घसरलेला चष्मा वर केला.

३

मॅनेजरच्या खोलीत कॅमेऱ्याचं चित्रण होतं. गुरुवार, दुपारी एक चाळीस. ताई ग्रिल सोडून काउंटरच्या टोकाशी येतात, हातमोजे काढतात आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून मिनिटभर उभ्या राहतात. त्या बाजूला होतात तेव्हा वही नसते. मॅनेजरनं तिथं चित्रण थांबवलं आणि हातच्या कांकणाला आरसा कशाला, अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं.

"पुढचं पाहिलंत?" मी विचारलं.

"चोर सापडल्यावर पुढचं कशाला?"

मला दोरा खटकत होता. काउंटरवर हाताशी कात्री असते, कटर असतो. चोर दोरा कापतो आणि पळतो. या बाईनं भर दुपारी गिऱ्हाइकांसमोर उभं राहून गाठ सोडवली होती आणि दोऱ्याला पुन्हा सरकगाठ मारून ठेवली होती, म्हणजे नवी वही लगेच अडकवता येईल. लपवायला नेणारा माणूस नव्या वहीची सोय करून जात नाही. तिला जुनी वही वाचवायची होती. कुणापासून, हे मला तेव्हा समजलं नाही, आणि समजायला हवं होतं.

मी चित्रण पुढे चालवलं. दोन मिनिटांनी राखाडी कोट घातलेला एक म्हातारा खिडकीजवळच्या टेबलावरून उठला. त्याच्या टेबलावर फक्त कॉफी होती, इथंच पिण्यासाठी घेतलेली. काउंटरजवळून जाताना ताईंनी त्याच्या हातात पार्सलची कागदी पिशवी दिली. तोंडाला दोन घड्या, अगदी नियमाप्रमाणे. पण प्रत्येक पार्सलच्या पिशवीला ऑर्डरची चिठ्ठी टोचलेली असते, आणि या पिशवीला ती नव्हती. म्हणजे त्या पिशवीत आमचं काही खायचं नव्हतं.

काउंटरवाल्या मुलीनं चित्र बघताच सांगितलं, मीठकमीचे वडील. हॉस्पिटलच्या गल्लीत चष्मे दुरुस्त करतात.

हॉस्पिटल हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकला.

मी बॅगेतून एकोणीस फोटोंचे छापील कागद काढले आणि खिडकीजवळच्या टेबलावर तारखांप्रमाणे मांडले. हे सगळे मी स्वतः टाइप केले होते आणि यातला एकही पाहिला नव्हता. मी शब्द वाचतो, रकाना शोधतो, आकडा वाढवतो. अक्षराकडे बघायचं माझं काम नाही. आता बघितलं. पहिल्या तक्रारीचं अक्षर ठसठशीत होतं, खाली तोऱ्यात मारलेली रेघ. दहाव्या तक्रारीपर्यंत रेघ गेली होती. सतराव्या तक्रारीतली ओळ तिरकी उतरत पानाच्या कडेपर्यंत गेली होती, आणि एकोणिसाव्यात "मीठ" एवढं लिहून मध्ये थांबल्याचा पेनाचा ठिपका होता.

सगळे वार सोमवार नाहीतर गुरुवार. मी मान वर केली. काचेपलीकडे, रस्ता ओलांडला की हॉस्पिटलचं बाजूचं दार होतं आणि दारावर पाटी. कर्करोग उपचार, सोमवार व गुरुवार.

त्या औषधांनी जिभेची चव जाते, हे माझ्या थोरल्या बहिणीमुळे मला माहीत आहे. खारट बर्गर काकांचं तोंड भाजत होता आणि त्याच दिवशी, या टेबलाशी, साध्या बर्गरबद्दल मुलगी नेहमीचंच लिहीत होती. तिला दोन्ही सारखेच लागत होते. दोष ग्रिलवर नव्हताच. ताईंना तो कुठे आहे हे ठाऊक होतं, म्हणून त्या मीठ वाढवत होत्या, खेपेगणिक, आंधळेपणानं, कधीतरी तिच्यापर्यंत पोचेल म्हणून. आणि मी प्रत्येक खेपेला आकडा एकानं वाढवत होतो. मला स्वतःची शरम वाटली.

तीन वाजून गेले होते. मी गल्लीकडे निघालो, आणि मुलगी तीन आठवडे का आली नाही हे कुणी सांगायची मला गरज उरली नव्हती.

४

दुकान म्हणजे जेमतेम दोन माणसांची जागा. भिंतीवर रिकाम्या फ्रेमी, टेबलावर दिवा आणि बोटभर लांबीचे स्क्रूड्रायव्हर. चष्मेवाल्यांनी माझ्या गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र पाहिलं आणि काही न विचारता खणातून वही काढली. काचा पुसायच्या मऊ कापडात ती गुंडाळली होती.

"न्यायला आलात," ते म्हणाले.

मी बसलो. गुरुवारी ते का आले होते ते त्यांनी हळूहळू सांगितलं. मुलगी गेल्यापासून ते त्या दुकानासमोरून रोज जात, आत जायचा धीर होत नसे. गुरुवारी गेले. तिच्या खुर्चीसमोर बसून कॉफी घेतली. ताई बाहेर आल्या, उभ्याउभ्याच म्हणाल्या की वही आज भरली, उद्या माणूस येऊन नेईल, आणि नेल्यावर ती यंत्रात घालतात. तिचं एवढं हस्ताक्षर घरी कुठे आहे का? घरी नव्हतं. हल्ली सगळे फोनवर लिहितात. ताई आत गेल्या आणि थोड्या वेळानं त्यांच्या हातात पिशवी आली.

उद्या येणारा तो माणूस मी होतो.

मी वही उघडली. एकोणीस तक्रारी ओळखीच्या होत्या. विसावी मी कधी पाहिली नव्हती. दोन शब्दांमध्ये मोठ्या फटी होत्या, पण ओळ सरळ होती, बहुधा खाली कशाचा तरी आधार धरून लिहिलेली. आज चव लागली. मीठ बरोबर. ताईंना सांगा. आणि खाली ती जुनी, तोऱ्यातली रेघ.

हा फोटो मला आला नव्हता, कारण आमच्याकडे फक्त तक्रारींचे फोटो पाठवतात. कौतुकाला माझ्या तक्त्यात रकाना नाही. बावीस वर्षांत तो असावा असं मलाही वाटलं नव्हतं.

मी वही मिटली आणि मग मावशींचा ट्रे आठवला. जे खातात ते कागद टाकून जातात. या मुलीचा तर घडी घातलेला चौकोन ठरलेला. त्या दिवशी ट्रेवर तो चौकोनही नव्हता.

"त्या दिवशी कागद कुठे गेला?" मी विचारलं.

चष्मेवाल्यांनी माझा चष्मा हातानंच मागून घेतला, दिव्याखाली धरला आणि सैल झालेला स्क्रू पिळायला लागले.

"एक घास घेतला तिनं," ते म्हणाले. "गिळता येईना. कागदी रुमालात काढला. मग सगळा बर्गर त्याच्या कागदात गुंडाळला आणि माझ्या कोटाच्या खिशात कोंबला. म्हणाली, बाबा, ताई आतून बघतायत. ट्रे रिकामा जायला पाहिजे."

त्यांनी दुसऱ्या बाजूचा स्क्रूही पिळला.

"घरी जाऊन मी खाल्ला तो. टाकवेना. इतका खारट होता, की रात्रभर पाणी पीत होतो."

त्यांनी चष्मा पुसून माझ्या हातात दिला. तो नाकावर पक्का बसला. मग मी त्यांना सांगितलं की वहीपायी ताईंची नोकरी जातेय. हे त्यांना कुणी बोललंच नव्हतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि त्यांनी दोन्ही हातांनी वही माझ्यापुढे सरकवली. घेऊन जा, म्हणाले, घेऊन जा, ती बाई आमच्यासाठी उपाशी मरायला नको. वहीवरचे हात मात्र त्यांनी उचलले नाहीत.

साडेचार वाजले होते.

५

पाचला पाच मिनिटं कमी असताना मी बर्गरच्या दुकानातल्या मागच्या खोलीतून कचेरीत फोन लावला. साहेबांना तीन गोष्टी सांगितल्या. एकोणीस तक्रारी म्हणजे एकच गिऱ्हाईक. त्या गिऱ्हाइकाची चव आजारानं गेली होती, याला त्या काकांच्या खारट बर्गरची तारीख साक्ष आहे. आणि त्याच हस्ताक्षरात शेवटी समाधानाची नोंद आहे, जी मॅनेजरनं पाठवली नाही कारण आपण ती कधी मागत नाही. सगळ्या पानांचे फोटो माझ्या फोनमध्ये होते, तेही पाठवले.

त्या गिऱ्हाइकाशी बोलता येईल का, असं साहेबांनी विचारलं. नाही, मी म्हणालो.

"आणि वही?"

"ती नजरचुकीनं पार्सलच्या पिशवीत गेली होती. मिळाली. पानं मोजली. नियमाप्रमाणे नष्ट केली."

एका दमात दोन खोट्या गोष्टी. बावीस वर्षांत मी कागदाच्या बाबतीत खोटं बोललो नव्हतो, आणि मला काही वाटलं नाही. वही गल्लीतल्या त्या खणात, मऊ कापडात होती. पत्र रद्द झालं. ताईंना एक ताकीद तेवढी मिळाली, मिठाची डबी पॅटीवर दोनदाच हलवण्याचा नियम मोडल्याबद्दल. ती मला थांबवता आली नाही. मॅनेजर खाली बघत होता, त्याला मी काही बोललो नाही. मी तरी कुठे वेगळा होतो?

मी ग्रिलजवळ गेलो आणि ताईंना काय झालं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, एक पॅटी उलटली. आधीच का सांगितलं नाहीत, असं मी विचारलं. एक शब्द बोलला असतात तर एवढं झालंच नसतं.

"तिसऱ्या खेपेला तिच्या मनगटावरची हॉस्पिटलची पट्टी दिसली मला," ताई म्हणाल्या. "तिनं माझं बघणं बघितलं. म्हणाली, ताई, घरी पेशंट, तिकडं पेशंट. इथं तरी मला नुसती कटकटी गिऱ्हाईक राहू द्या. मी हो म्हटलं. आता ती नाही म्हणून दिलेला शब्द फिरवायचा?"

मी नाही म्हणालो. काउंटरवाली मुलगी पाठमोरी उभी होती आणि तिची बडबड थांबली होती. मीठकमी हे नाव आता कुणी उच्चारत नव्हतं.

ताईंनी मिठाची डबी उचलली आणि तशीच हातात धरली.

"शेवटचं पान वाचलंत?"

"वाचलं. चव लागली म्हणून लिहिलंय. मीठ बरोबर."

"त्या दिवशी मी सातदा हलवली होती डबी," त्या म्हणाल्या, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला. "मनात धास्ती होती, जास्त तर झालं नसेल. पण मावशी ट्रे घेऊन आली. सगळा संपवला तिनं, हो ना?"

चष्मा आता घसरत नव्हता, त्यामुळे वर करायचं निमित्तही मला उरलं नव्हतं.

"ट्रे अगदी रिकामा होता," मी म्हणालो.

ताईंनी मान हलवली, ग्रिलकडे वळल्या आणि पुढच्या पॅटीवर डबी दोनदा हलवली.